पासवर्ड पोस्टकार्डावर लिहू नये

संगणकाच्या जगातल्या काही गोष्टी इतक्या बारीक असतात की त्यांच्यावर वर्तमानपत्रात कधी अग्रलेख येत नाही. एखाद्या प्रोग्रॅममध्ये एक नवा ऑप्शन आला, ही त्यातलीच एक. वीस-पंचवीस ओळींचा पॅच, दोन-चार जणांची चर्चा, थोडी दुरुस्ती, मग मंजुरी. बाहेरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. पण तो ऑप्शन जर पासवर्ड किंवा चावी यांसारखे गुपित प्रोग्रॅमला सांगण्यासाठी असेल, तर त्या वीस ओळींवर पुढची अनेक वर्षे अनोळखी लोकांची गुपिते झाकलेली राहणार की उघडी पडणार, हे ठरत असते. म्हणून तो पॅच तपासणाऱ्या माणसाने काय विचारावे, काय अडवावे आणि कशापुढे मान तुकवू नये, याबद्दल आज लिहिते आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्याकडे बीएडची पदवी आहे, संगणकशास्त्राची नाही. तरी या विषयात पडण्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले वाचून त्यावर शेरा देणे हे माझे रोजचे काम आहे, आणि कोड रिव्ह्यू म्हणजे मुळात हेच. दुसरे असे की माझ्या वर्गातून गेलेली काही मुले आज पुण्यात, नवी मुंबईत हेच काम करतात. त्यांच्याशी बोलता बोलता, आणि ती सांगतात ते मॅन्युअल समोर ठेवून वाचता वाचता, मला या विषयात भाषाशिक्षकाला सांगण्यासारखे काही दिसले.

आधी कमांड लाइन म्हणजे काय ते पाहू. आपण मोबाइलवर बटण दाबतो, चित्रावर बोट ठेवतो. सर्व्हर सांभाळणारी माणसे मात्र अजूनही संगणकाला लिहून आज्ञा देतात. व्याकरणाच्या भाषेत ते आज्ञार्थी वाक्य असते. पहिला शब्द म्हणजे काम करणारा प्रोग्रॅम. पुढचे शब्द म्हणजे ते काम कसे करायचे, कशावर करायचे, कोणाच्या नावाने करायचे याचा तपशील. या तपशिलालाच ऑप्शन म्हणतात आणि बहुधा तो दोन आडव्या रेघांनी सुरू होतो. ‘बॅकअप घे, अमुक डेटाबेसचा, अमुक वापरकर्त्याच्या नावाने.’ इथवर सगळे ठीक आहे. अडचण पुढच्या शब्दांत आहे: ‘आणि पासवर्ड हा घे.’

आपल्याला वाटते, हे वाक्य मी आणि माझा संगणक यांच्यातले आहे. तसे नसते. लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमची पूर्ण आज्ञा, सगळ्या ऑप्शनांसकट, त्या यंत्रावरच्या इतर वापरकर्त्यांनाही दिसते. त्यासाठी ‘पीएस’ नावाची साधी दोन अक्षरी कमांड पुरते. ती ज्या ‘प्रॉक’ या आभासी फोल्डरातून माहिती घेते, तिथे प्रत्येक चालू प्रोग्रॅमची आज्ञा सर्वांना वाचता येईल अशीच ठेवलेली असते. २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.३ आवृत्तीपासून ही माहिती इतरांपासून लपवण्याची सोय आली खरी, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. शिवाय टर्मिनलवर टाइप केलेली आज्ञा हिस्टरीच्या फाइलमध्ये उतरते आणि महिनोन्‌महिने तिथेच पडून राहते. ती आज्ञा एखाद्या स्क्रिप्टमध्ये असेल तर स्क्रिप्टची प्रत ज्याच्या हाती जाईल त्याच्याकडे पासवर्डही जातो. काम आपोआप करणाऱ्या यंत्रणांच्या लॉगमध्ये पूर्ण आज्ञा छापली जाते ती वेगळीच.

आपल्या पिढीला हे पोस्टकार्डाच्या उदाहरणाने चटकन समजेल. पोस्टकार्ड योग्य पत्त्यावर पोहोचते, मजकूरही पूर्ण पोहोचतो, टपालखात्याची काही चूक होत नाही. फक्त वाटेतल्या प्रत्येकाला ते वाचता येते. सगळ्यांना कळले तरी चालेल ते पोस्टकार्डावर लिहायचे आणि घरातली गोष्ट पाकिटात घालायची, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. कमांड लाइन हे पोस्टकार्ड आहे.

आता खरे उदाहरण घेऊ. ‘क्यूएमू’ नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरने तो सुरू केला, २००३ साली. एका यंत्राच्या पोटात दुसरे आभासी यंत्र चालवणे हे त्याचे काम. आज आपण ज्याला क्लाउड म्हणतो त्याचा मोठा भाग अशा आभासी यंत्रांवर उभा आहे. या यंत्रांना गुपिते लागतात: कुलूपबंद डिस्क उघडण्याची चावी, दूरच्या साठवण सर्व्हरचा पासवर्ड, पडदा दुरून पाहायचा असेल तर त्याचा पासवर्ड. पूर्वी यातली काही गुपिते क्यूएमू टर्मिनलवर विचारून घेत असे आणि काही थेट कमांड लाइनवर लिहावी लागत. म्हणजे पोस्टकार्डच.

२०१६ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीत यावर तोडगा आला. ‘सिक्रेट’ नावाची एक स्वतंत्र वस्तू प्रोग्रॅममध्ये घातली गेली. कल्पना साधी आहे. गुपित एकदाच, एका ठिकाणी, एका नावाने द्यायचे. मग डिस्कला किंवा नेटवर्कच्या जोडणीला गुपित द्यायचे नाही, गुपिताचे फक्त नाव द्यायचे. ‘अमुक नावाच्या पेटीत चावी आहे, ती घे.’ आज्ञा कोणी वाचली तरी त्याला पेटीचे नाव कळते, चावी मिळत नाही. पेटीत चावी ठेवण्याचे मार्ग तीन. थेट आज्ञेत लिहा, फाइलमधून वाचायला सांगा, किंवा आज्ञेतच लिहा पण दुसऱ्या मुख्य चावीने सांकेतिक करून लिहा. तिसऱ्या मार्गाचा उपयोग ‘लिबव्हर्ट’ हा व्यवस्थापन करणारा प्रोग्रॅम करतो. तो प्रत्येक आभासी यंत्रासाठी एक मुख्य चावी तयार करून फाइलमध्ये ठेवतो आणि बाकीची गुपिते तिने कुलूपबंद करूनच पुढे देतो. पहिला मार्ग उघडा आहे आणि तो फक्त चाचणीपुरता आहे, हे मॅन्युअलमध्येच लिहिलेले आहे. त्याच वेळी डिस्कच्या फाइली बनवणाऱ्या आणि तपासणाऱ्या छोट्या जोडप्रोग्रॅमांनाही हाच ऑप्शन देणे आले. मुख्य दार बंद करून मागचे उघडे ठेवण्यात अर्थ नसतो.

असा पॅच हाती आला तर तपासणाऱ्याने काय पाहावे? कोड चालतो का, हा पहिला प्रश्न आणि सर्वात सोपा. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. हे गुपित डिस्क उघडण्याच्या आधी तयार होते की नंतर? कारण क्रम चुकला तर चावी येण्याआधीच दार ठोठावले जाईल. काही बिघडले तर येणाऱ्या चुकीच्या संदेशात गुपितच छापले जाते का? काम संपल्यावर ते स्मृतीतून पुसले जाते का? फाइलमधून वाचताना शेवटी असलेले ‘नवी ओळ’ हे न दिसणारे अक्षर पासवर्डात मिसळते का? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण क्यूएमूच्या मॅन्युअलमधले उदाहरणही फाइल अशाच पद्धतीने लिहून दाखवते की शेवटी ते अक्षर येऊ नये. उर्दू शिकवणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आमच्या लिपीत एक नुक्ता वरचा खाली गेला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. डोळ्यांना जेमतेम दिसणारा ठिपका अर्थ उलटवतो. रिव्ह्यू करणाऱ्याची नजर अशीच हवी.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोडच्या बाहेरचा आहे. हा ऑप्शन लोकांना कोणती सवय लावणार?

शिक्षकाला हे फार लवकर कळते. फळ्यावर मी पाच उदाहरणे लिहिली आणि पहिल्यासमोर ‘असे लिहू नये’ अशी सूचना केली, तरी निम्मा वर्ग पहिलेच उतरवून घेतो. सूचना विसरली जाते, उदाहरण उरते. मॅन्युअलचेही तसेच आहे. रात्री अकरा वाजता सर्व्हर बंद पडलेला माणूस मॅन्युअल सावकाश वाचत नाही. तो पहिले चालणारे उदाहरण उचलतो, चिकटवतो आणि काम झाले की झोपतो. ती ओळ मग कायमची स्क्रिप्टमध्ये राहते. त्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. पण उघडी वाट सर्वात जवळची कोणी ठेवली, हे विचारायला नको का?

वेगवेगळ्या प्रोग्रॅमांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ‘ओपनएसएसएल’मध्ये पासवर्ड देण्याच्या पाच रीती आहेत: सरळ आज्ञेत, एन्व्हायर्न्मेंटमधून, फाइलमधून, आधीच उघडलेल्या फाइलच्या क्रमांकावरून आणि मानक इनपुटमधून. पहिली रीत इतरांना दिसते, सुरक्षितता महत्त्वाची नसेल तेव्हाच ती वापरा, असे मॅन्युअल सांगते. ‘मायएसक्यूएल’ ५.६ पासून आज्ञेत पासवर्ड लिहिला की हे असुरक्षित असू शकते असा इशारा येतो. ‘डॉकर’मध्ये लॉगिन करतानाही तसाच इशारा येतो आणि सोबत दुसरा ऑप्शन सुचवला जातो, जो पासवर्ड इनपुटमधून घेतो. ‘कर्ल’ सुरू होताच आज्ञेतला पासवर्ड शक्य तिथे खोडून टाकतो, पण सुरू होण्याच्या आणि खोडण्याच्या मधला क्षण उरतोच. ‘ओपनएसएसएच’ची भूमिका सर्वात कडक. दूरच्या यंत्रात शिरताना पासवर्ड आज्ञेत देण्याचा ऑप्शनच त्यात नाही.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो प्रामाणिक आहे. तुम्ही दार बंद केलेत तर लोक भिंत फोडतील. ओपनएसएसएचने ऑप्शन दिला नाही म्हणून कोणी ‘एसएसएचपास’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम लिहिला, ज्यात पासवर्ड आज्ञेत देता येतो. मग कडकपणाचा काय फायदा? दुसरा आक्षेप असा की आज बहुतेक सर्व्हरांवर एकच वापरकर्ता असतो, कंटेनरमध्ये तर एकच प्रोग्रॅम चालतो, मग वाचणार कोण?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आधी देते. आज एकच वापरकर्ता आहे म्हणून लिहिलेली स्क्रिप्ट उद्या पन्नास जणांच्या यंत्रावर जाते. तिची बदली होते, पण तिच्यातली सवय बदलत नाही. शिवाय पाहणारा दरवेळी माणूसच असतो असे नाही. यंत्रांवर देखरेख ठेवणारे प्रोग्रॅम चालू कामांची यादी गोळा करतात आणि ती भलतीकडे साठवली जाते. डॉकरमध्येच याचे चांगले उदाहरण आहे. इमेज बनवताना ‘बिल्ड-आर्ग’ या ऑप्शनने चावी दिली आणि ती वापरली, तर ती इमेजच्या इतिहासात उमटू शकते, आणि ती इमेज ज्याला मिळेल त्याला तो इतिहास वाचता येतो. एकाच माणसाच्या यंत्रावर, बंद खोलीत लिहिलेला पासवर्ड असा गावभर जातो. २०१८ च्या १८.०९ या आवृत्तीत ‘बिल्डकिट’सोबत ‘सिक्रेट’ हा वेगळा ऑप्शन आला तो याचसाठी. त्यात गुपित बनवण्याच्या त्या एका पायरीपुरते फाइलसारखे दिसते आणि तयार इमेजमध्ये उरत नाही.

पहिल्या आक्षेपाबद्दल माझे म्हणणे असे. भिंत फोडणारे असतातच, म्हणून कोणी घराला दार लावायचे थांबवत नाही. वेगळा प्रोग्रॅम शोधून, बसवून, मग आज्ञेत पासवर्ड लिहिणाऱ्याला आपण काहीतरी वेगळे करतो आहोत याची जाणीव असते. मॅन्युअलच्या पहिल्या पानावरचा ऑप्शन वापरणाऱ्याला ती नसते. फरक या जाणिवेचा आहे. मात्र नुसते ‘नाही’ म्हणून रिव्ह्यू करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, हेही तितकेच खरे. सुरक्षित वाट लांब, काटेरी आणि दहा पायऱ्यांची असेल तर लोक कुंपण ओलांडणारच. म्हणून शेरा असा हवा: उघडा ऑप्शन नको, आणि फाइलमधून वाचण्याचा ऑप्शन इतका सोपा करा की उघड्याची आठवणही येऊ नये. मॅन्युअलमधले पहिले उदाहरण फाइलचे असू द्या.

एन्व्हायर्न्मेंटचा मार्गही अनेकांना सुरक्षित वाटतो. तो कमांड लाइनपेक्षा बरा आहे, कारण इतर सामान्य वापरकर्त्यांना तो दिसत नाही. पण एका प्रोग्रॅमने सुरू केलेल्या पुढच्या प्रोग्रॅमांकडेही तो वारशाने जातो, आणि काही कोसळले की अहवालात त्याची पूर्ण यादी छापली जाण्याचा धोका असतो. ज्याला गरज नाही त्याच्या हाती गुपित देऊ नये, हा नियम इथेही मोडतो.

कोणी म्हणेल, आधी ऑप्शन देऊ, पुढे वाईट वाटला तर काढू. इथे पुन्हा क्यूएमूकडे पाहा. त्यात ‘स्पाइस’ नावाची, आभासी यंत्राचा पडदा दुरून दाखवणारी सोय आहे आणि तिचा पासवर्ड सरळ आज्ञेत लिहिण्याचा ऑप्शन होता. सिक्रेटची पेटी २०१६ मध्ये तयार झाली. स्पाइसचा जुना ऑप्शन असुरक्षित म्हणून कालबाह्य ठरवला गेला तो ६.० मध्ये, म्हणजे २०२१ साली. तिथल्या नियमाप्रमाणे असा ऑप्शन लगेच काढत नाहीत. ज्यांच्या स्क्रिप्ट त्यावर उभ्या आहेत त्यांना दोन आवृत्त्यांची मुदत मिळते, आणि मगच तो जातो. म्हणजे पर्याय उपलब्ध असूनही जुना ऑप्शन निरोप घ्यायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला. ऑप्शन देणे ही एका संध्याकाळची गोष्ट आहे. परत घेणे ही वर्षांची. म्हणून दारावरच विचारलेला प्रश्न स्वस्त पडतो.

माझा एक जुना विद्यार्थी या अनुभवातून गेला. त्याने कंपनीतल्या बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्डचा ऑप्शन घातला आणि तपासणाऱ्या वरिष्ठ बाईंनी तो पॅच तीनदा परत पाठवला. त्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज दुखावलेला होता. ‘आपा, काम तर चालत होतं. मुद्दाम अडवतात.’ मी त्याला म्हटले, बाळ, त्यांनी लिहिलेले शेरे मला वाचून दाखव. पहिला शेरा होता: हा पासवर्ड यंत्रावर आणखी कोणाकोणाला दिसेल? दुसरा: फाइलमधून घेतला तर काय अडचण आहे? तिसऱ्या वेळी त्यांनी फक्त मदतीच्या मजकुरातले उदाहरण बदलायला सांगितले होते. तीन शेऱ्यांत एकदाही त्याच्याबद्दल, त्याच्या शिक्षणाबद्दल, त्याच्या इंग्रजीबद्दल शब्द नव्हता. सगळे बोलणे कामाबद्दल होते. मी त्याला म्हटले, तुला अडवणारी बाई तुझ्यावर मेहनत घेते आहे. ‘छान’ लिहून सही करणे तिला जास्त सोपे होते.

हे मी त्याच्यापुरते सांगत नाही. आमच्या उर्दू माध्यमातून, किंवा तालुक्याच्या मराठी शाळेतून गेलेली मुले अशा ठिकाणी पहिल्यांदा पोहोचतात तेव्हा प्रत्येक शेरा त्यांना आपल्या पार्श्वभूमीवरचा शेरा वाटतो. कधी कधी तो तसा असतोही, आणि तेव्हा तो ओळखता आला पाहिजे. ओळखण्याची खूण सोपी आहे. शेरा ओळीला उद्देशून आहे की माणसाला? ओळीला असेल तर तो तालीम आहे, घ्यावा. माणसाला असेल तर तो अपमान आहे, आणि त्याला शांतपणे, लेखी उत्तर द्यावे. तपासणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. लाल शाईने वही सुधारते आणि लाल शाईनेच मूल वही आणणे बंद करते. मी वीसेक वर्षे दोन्ही पाहत आले आहे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात सहीची एक रीत आहे, ती मला फार आवडते. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक पॅचखाली लिहिणारा आपले नाव देऊन सांगतो की हे मी लिहिले आहे किंवा ते पुढे देण्याचा मला अधिकार आहे. तपासणाराही आपले नाव लिहितो: हे मी तपासले. पुढे काही निघाले तर दोन्ही नावे कायम तिथे असतात. ज्याने पाहिले त्यानेही जबाबदारीचा वाटा उचलला, असा त्याचा अर्थ.

पण सही असली म्हणजे नजर होतीच असे नाही. ‘हार्टब्लीड’ची चूक ओपनएसएसएलमध्ये २०११ च्या अखेरच्या दिवशी दाखल झाली. तो पॅच तपासलेला होता. समोरचा म्हणतो की मी इतक्या अक्षरांचा मजकूर पाठवला आहे. त्याने खरोखर तितका पाठवला का, एवढेच पाहायचे राहिले. त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा भाग अनोळखी माणसाला एका वेळी वाचता येत असे, आणि त्यात पासवर्ड व चाव्याही असू शकत. हे उघड व्हायला एप्रिल २०१४ उजाडला. जगाचा मोठा भाग ज्यावर विसंबून होता ते काम मूठभर माणसे सांभाळत होती, हे तेव्हा सर्वांना कळले. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, ‘एक्सझेड’च्या प्रकरणात थकलेल्या मेंटेनरचा विश्वास दोनेक वर्षे राबून कमावणाऱ्या एका टोपणनावाने त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते असे दिसले, त्याने ते सोडून दिले नाही, म्हणून तो सापडला. दोन्ही प्रकरणांतून मी एकच गोष्ट घेते. तपासणाऱ्याचा वेळ हा खर्च नव्हे. तो कमी केला की बचत होत नाही, फक्त बिल नंतर येते.

गुपित सांभाळण्यासाठी आपल्या भाषेत शब्द आहे. अरबीतून आलेला ‘अमानत’ हा शब्द उर्दूत तसाच राहिला आणि मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाला. वाचनालयाची अनामत, घरभाड्याची अनामत आपण रोज म्हणतो. दोन्ही रूपांत मूळ अर्थ एकच: दुसऱ्याचे आहे, माझ्याकडे ठेवले आहे, जसेच्या तसे परत द्यायचे आहे. सर्व्हरचा पासवर्ड हा त्या अभियंत्याचा नसतो. त्यामागे ज्यांची माहिती आहे, त्यांचा असतो. आणि ती माणसे त्या चर्चेत कधीच हजर नसतात. रिव्ह्यू करणारा त्यांच्या वतीने बसलेला असतो.

ती माणसे कोण, हे मला शाळेत दिसते. शिष्यवृत्तीच्या अर्जात मुलीचे नाव, जन्मतारीख, फोटो, आईचा मोबाइल, बँकेचे खाते, वडिलांचे उत्पन्न असते. हे सगळे ज्या पासवर्डने उघडते तो एका शाळेच्या कार्यालयात कपाटाच्या दारावर चिकटवलेला मी पाहिला आहे, आणि शिक्षकांच्या ग्रुपवर ‘हा घ्या, लवकर भरा’ म्हणून फिरतानाही पाहिला आहे. मी आक्षेप घेतला तेव्हा ‘इथे कोण चोर आहे?’ असे उत्तर मिळाले. चोर कोणीच नव्हते. पण ग्रुपमध्ये दोन वर्षांपूर्वी बदलून गेलेले लोक होते, आणि ज्यांच्या घरात मोबाइल चार जण हाताळतात असेही होते. कपाटाचे दार आणि कमांड लाइन यांत तत्त्वतः काही फरक नाही. दोन्हीकडे काम होते, दोन्हीकडे सोय आहे, आणि दोन्हीकडे गुपित येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते.

म्हणून या विषयात पडलेल्या आमच्या मुलांना माझे सांगणे थोडक्यात असे. गुपिताचा ऑप्शन लिहायची वेळ आली तर गुपित स्वतः आज्ञेत घेऊ नका, ते कुठे आहे तेवढेच घ्या. फाइलचे अधिकार पाहा. चुकीच्या संदेशात ते छापले जात नाही ना, हे मुद्दाम चूक घडवून तपासा. मॅन्युअलमध्ये पहिले उदाहरण सुरक्षित द्या, कारण तेच उचलले जाणार आहे. ‘नंतर बदलू’ असे कोणी म्हटले तर स्पाइसची पाच वर्षे आठवा. आणि तपासायची वेळ आली तर घाईत सही करू नका. वरिष्ठ रागावतील, मुदत जवळ असेल, पॅच पाठवणारा मित्र असेल, तरी विचारा: हे आणखी कोणाला दिसेल?

हा प्रश्न विचारायला संगणकाची मोठी पदवी लागत नाही. शाळेच्या कार्यालयातली कारकून बाई, अर्ज भरून देणारा सायबर कॅफेवाला, ग्रुप चालवणारे मुख्याध्यापक, कोणीही तो विचारू शकतात. पुढच्या शिष्यवृत्तीच्या हंगामात आपापल्या शाळेत जाऊन कपाटाच्या दाराकडे एकदा बघा. कागद तिथे असेल तर काढायला सांगा, आणि पासवर्ड बदलायलाही सांगा. कागद काढून पासवर्ड तोच ठेवला, तर पोस्टकार्ड आधीच वाचले गेलेले असते.